फील्डवर काम करणाऱ्यांनी पगाराचं बोलायचंच नाही का? (संस्थांमध्ये काम करणाऱ्यांनी प्लीज उत्तर द्या)

अक्राणीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. वाचते बऱ्याच दिवसांपासून, पोस्ट पहिल्यांदाच टाकतेय. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव भागात एका संस्थेत फील्डला आहे, संस्थेचं नाव लिहीत नाही. कुपोषणाचा प्रोजेक्ट आहे. काम म्हणजे पाड्यापाड्यावर जाऊन लहान मुलांचं वजन-उंची घ्यायची, दंडघेर मोजायचा, पट्टीवर तो साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला (म्हणजे मूल तीव्र कुपोषित) की त्या आईला आणि खास करून घरातल्या म्हाताऱ्यांना समजावून मुलाला दवाखान्यात भरती करायचं, मग परत आल्यावर ते मूल खातंय का बघायला पुन्हा जायचं आणि रात्री सगळं ॲपमध्ये भरायचं. दिवाळीनंतर लोक गुजरातला आणि ऊसतोडीला जातात तेव्हा कुठलं मूल कुठे गेलं याची यादी पण आमच्याकडेच. पावरी माझी घरची बोली आहे म्हणून बायका माझ्याशी मोकळं बोलतात. काम मला मनापासून आवडतं. हे आधीच सांगते कारण पगाराचा विषय काढला की लगेच लोकांना वाटतं हिचं मन कामात नाही.

आता आकडे सांगते. कागदावर १५,००० पेट्रोलसकट. त्यातून १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स) कापून हातात १३,५००. पीएफ नाही, आम्हाला "कन्सल्टंट" म्हणून घेतलंय, ११ महिन्यांचा करार. गाडी माझी, तिचा हप्ता २,८००, पेट्रोल चार हजारांच्या आसपास जातं कारण पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की लांबून वळसा घालून जावं लागतं. टायर, चेन-सेट, पंक्चर सगळं आपलं. मोबाईल माझा, रिचार्ज माझा. म्हणजे गाडीचं सोडून उरतात ६,७००, त्यात खोलीचं भाडं, आईची औषधं, भाऊ तळोद्याला शिकतोय त्याचं.

आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये प्रोजेक्ट संपला तर पैसे देणाऱ्या नवीन कंपनीचं मंजूर व्हायला जुलै उजाडला. मधल्या काळात आम्हाला सांगितलं काम चालू ठेवा, मुलं थांबणार नाहीत, पैसे आले की देऊ. आम्ही चालू ठेवलं. पैसे आले ते अर्धेच, तेव्हा बचत गटातून कर्ज घेतलं ते अजून फेडतेय. सरांना विचारलं तर म्हणाले हे सेवेचं क्षेत्र आहे, पैसाच हवा असेल तर बँकेत नोकरी बघा.

माझे प्रश्न: सगळीकडे असंच असतं का? कायद्यानं आम्हाला काही मिळतं का? आणि मागायचं तर नेमकं काय मागायचं, कोणाकडे? सोडून द्यावं असंही वाटतं पण मग त्या पाड्यांवर कोण जाणार हा विचार येतो आणि परत तिथेच येऊन अडकते.

मेळघाटचा_पोरगा

ताई, तुमचं वाचलं न माझंच वाटलं. मी धारणी तालुक्यात आहे, कोरकू गावांत काम. आमचंही असंच होतं, आता थोडं सुधरलं म्हणून सांगतो.

आम्ही सगळ्या फील्डच्या पोरापोरींनी एक रजिस्टर चालू केलं. रोज कुठून कुठं गेलो, गाडीचा मीटर किती, कशासाठी गेलो, एवढंच. कोणाला सांगितलं नाही आधी. तिमाही झाली तेव्हा आमच्या लक्षात आलं की फिक्स पेट्रोल जितकं मिळते त्याच्या दुपटीहून जास्त आमचं जाते. मग फंडरची, म्हणजे प्रोजेक्टला पैसे देणाऱ्यांची, मॅडम व्हिजिटला आली तेव्हा रिव्ह्यू मीटिंगमध्ये आमच्या कोऑर्डिनेटरनंच ते रजिस्टर समोर ठेवलं, तो माणूस चांगला आहे म्हणून झालं हे. तिला खरंच माहीत नव्हतं, तिला वाटे बजेटमध्ये ट्रॅव्हल आहे म्हणजे आम्हाला मिळते. पुढच्या वर्षी किलोमीटरवर पैसे सुरू झाले. पगार काही फार वाढला नाही पण गाडीचा खर्च घरातून जायचा बंद झाला.

एकटीनं बोलू नका मात्र. एकटा बोलला की त्याचं नाव होते, सगळे बोलले की मुद्दा होतो.

हिशोब_पुणे

मी पुण्यात दोन-तीन संस्थांचे अकाउंट बघते, आधी एका मोठ्या संस्थेत फायनान्सला होते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते कारण यात बरेच गैरसमज मुद्दाम किंवा अजाणता पसरवले जातात.

तुम्हाला बहुतेक सांगितलं जात असेल की "कंपनी पगाराला पैसे देत नाही, ॲडमिनला फक्त ५ टक्के आहेत". हे चूक आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामावर, खर्च करावे लागतात, आणि त्यात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले तेव्हा व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की एखाद्या प्रोजेक्टची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावर थेट होणारा खर्च यात धरायचा नाही. आता पाड्यावर जाऊन मुलाचा दंड मोजणारी बाई ही अंमलबजावणी नाही तर दुसरं काय आहे? तिचा पगार, तिचं पेट्रोल, तिचा रिचार्ज हा प्रोजेक्टचाच खर्च आहे. कंपनी नको म्हणत असेल तर ती तिची इच्छा आहे, कायद्याची अडचण नाही. आणि पुष्कळदा कंपनीनं नको म्हटलेलंच नसतं, प्रपोजल लिहिणारे आधीच घाबरून माणसांची लाईन कमी करतात कारण "खर्च प्रति लाभार्थी" छान दिसला पाहिजे. मी स्वतः अशी बजेटं पाहिली आहेत ज्यात वजनकाटे, बॅनर, उद्घाटन, फोटोग्राफर सगळं बाजारभावानं आणि फील्डची माणसं मात्र जुन्याच दरानं.

परदेशी पैशाचं वेगळं. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात प्रशासकीय खर्च आधी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, २०२० च्या दुरुस्तीनं तो २० टक्क्यांवर आणला. त्यातही दवाखान्यातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा असा थेट सेवेचा पगार त्या २० टक्क्यांत मोजत नाहीत. खरा फटका बसला तो त्याच दुरुस्तीतल्या दुसऱ्या गोष्टीचा, एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्था पैसा आणून धडगाव, मोखाड्यासारख्या ठिकाणच्या लहान संस्थांना द्यायच्या, तो रस्ता बंद झाला. मग त्या लहान संस्था एकेका वर्षाच्या सीएसआरवर आल्या आणि तुमच्यासारख्यांचे एप्रिल ते जुलै कोरडे जायला लागले.

तुमच्या टीडीएसबद्दल खाली वेगळं लिहिते, ते तुमचे पैसे आहेत आणि परत मिळू शकतात.

विश्वस्त_लातूर

ताई, मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, एका लहान संस्थेचा विश्वस्त. आमच्याकडं एकल महिलांचं काम चालतं. तुमच्या सरांनी जे उत्तर दिलं ते मला अजिबात पटलं नाही, असं बोलायला नको होतं. पण आतलं पण थोडं ऐका.

आमच्याकडं मधल्या महिन्यांसाठी पैसा साठत नाही. एक तर इन्कम टॅक्सची सूट टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के कामावर खर्च दाखवावे लागतात, बाजूला ठेवता येतात १५. तेवढे तरी ठेवावेत ना, पण प्रोजेक्टचा पैसा त्या प्रोजेक्टलाच बांधलेला असतो, उरला तर परत करा म्हणतात. स्वतःची देणगी फार थोडी. मग मार्चला प्रोजेक्ट संपला की माझ्यापुढं दोनच रस्ते असतात, माणसं काढायची किंवा थांबा म्हणायचं. आम्ही एका वर्षी कार्यालय गावातल्या एका सभासदाच्या घरात हलवलं आणि भाडं वाचवून मुलींचे पगार केले. असं दरवर्षी नाही जमत.

तरीपण अर्धेच देणं बरोबर नाही. काम करून घेतलं म्हणजे पूर्ण द्यायचे, हप्त्यानं का होईना. आणि पैसे नसतील तर "काम थांबवतोय" हे स्पष्ट सांगायचं धाडस संस्थेनं करायचं, त्याचा भार सगळ्यात कमी कमावणाऱ्या पोरीवर का टाकायचा?

शिंदे_एमएसडब्ल्यू

विश्वस्त साहेब तुमचं पटतंय पण एक विचारतो. पैसा कमी आहे तर तो सगळ्यांना कमी असायला हवा ना. मी एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून शहरातून आलो, पहिल्याच दिवशी मला ३२,००० वर घेतलं. माझ्याबरोबर जी स्थानिक ताई होती, बारावी झालेली, आठ वर्षांचा अनुभव, तिला ११,०००. मला तिच्याशिवाय एका घरात पाऊल टाकता येत नव्हतं. भाषा तिची, ओळख तिची, रात्री फोन तिला यायचे. रिपोर्ट मी इंग्रजीत लिहायचो म्हणून मी कोऑर्डिनेटर. माझा पगार कमी करा असं म्हणत नाहीये मला पण घर आहे, पण तिच्या आठ वर्षांची किंमत कुठेच धरत नाहीत हे फार टोचायचं. कुठल्याही संस्थेत विचारा, स्थानिक कार्यकर्त्यांना वर चढायला पायरीच ठेवलेली नसते.

रोहयो_मित्र

फक्त एक हिशोब मांडतो. २०२५-२६ ला महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. २६ दिवस धरले तर ८,११२. अक्राणीच्या ताईंच्या हातात गाडीचा खर्च जाऊन ६,७०० राहतात. ज्या बाईला त्या सांगतात की मुलाला रोज अंडं द्या, तिला कामाचे पूर्ण दिवस मिळाले तर तिच्या हातात यांच्यापेक्षा जास्त येतील. हे बजेट करणाऱ्यांपर्यंत पोचायला पाहिजे.

दिनकरकाका

मी ऐंशीच्या दशकात चळवळीत पूर्णवेळ होतो. तेव्हा आम्ही मानधन घ्यायचो ते फार तुटपुंजं, घर बायकोच्या शिक्षिकेच्या नोकरीवर चाललं. ते आम्ही निवडलं होतं, आणि त्याबद्दल तक्रार नाही. परंतु एक गोष्ट तरुणांना सांगावीशी वाटते. त्याच काळात महाराष्ट्रातल्या लोकांनीच हा प्रश्न ओळखला होता. कार्यकर्ता उपाशी राहून समाजाचं काम करतो तर त्याला जगवणं ही समाजाची जबाबदारी आहे, या विचारातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या नटांनी नाटकाचे प्रयोग करून त्यासाठी पैसा जमवला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायला सुरुवात झाली. सगळ्यांना पुरेल असा तो कधीच नव्हता. पण "सेवा करतोय म्हणजे त्याला पोट नाही" असं मानणारी आपली परंपरा नाही, हे तुमच्या सरांना नक्की सांगा.

आणि आमची निवड तुमच्यावर लादायची नाही. आम्ही संघटनेचे होतो, आमचे निर्णय आम्ही घ्यायचो. तुम्हाला कंपनीचं टार्गेट आहे, ॲप आहे, वरिष्ठ आहेत. ही नोकरी आहे आणि नोकरीला पगार द्यावा लागतो.

कामगार_वकील_ठाणे

कायद्याचं विचारलंय म्हणून. थोडं किचकट आहे पण वाचा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झालेत. त्यातल्या औद्योगिक संबंधांच्या कोडमध्ये धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्या संस्थांनी चालवलेल्या आस्थापना "उद्योग" या व्याख्येतून बाहेर काढल्यात. १९७८ च्या बेंगलोर वॉटर सप्लाय निकालात सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी व्याख्या इतकी रुंद केली होती की धर्मादाय संस्थासुद्धा बऱ्याच प्रमाणात आत यायच्या. म्हणजे कामावरून काढलं, वाद झाला, तर औद्योगिक वादाचा जो जुना रस्ता होता तो तुमच्यासाठी अरुंद झालाय. हे वाईट झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पगार आणि सामाजिक सुरक्षा वेगळ्या कोडमध्ये आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो. पीएफ संस्थेत २० किंवा जास्त माणसं असली तर लागतो, ट्रस्ट आहे म्हणून सुटका नाही. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) १० माणसांपासून. आणि आता मुदतीच्या करारावर असलेल्या कर्मचाऱ्याला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतर प्रमाणात मिळते.

आता "कन्सल्टंट". कन्सल्टंट आपल्या वेळेनं काम करतो, दोन-चार ठिकाणी करतो. तुम्हाला हजेरी आहे, वरिष्ठ आहे, रजा मागावी लागते, दुसरीकडे काम करायची मुभा नाही, तर कागदावर काहीही लिहिलं तरी तुम्ही कर्मचारी आहात असा दावा करता येतो आणि पीएफ ऑफिस त्याची चौकशी करू शकतं. त्यासाठी पुरावे ठेवा: हजेरीचे फोटो, व्हॉट्सॲपवरच्या सूचना, पगाराच्या बँक एन्ट्र्या, प्रत्येक वर्षाचं करारपत्र. मधल्या महिन्यांत "काम चालू ठेवा" असा मेसेज आला असेल तर तो जपून ठेवा, त्यावरच तुमचे राहिलेले पैसे उभे आहेत.

नर्सताई_पालघर

एक राहून जातंय म्हणून लिहिते. अपघात. जव्हारच्या घाटात आमच्या सोबतची मुलगी गाडीवरून पडली, पायात रॉड टाकला, तेव्हा आम्ही वर्गणी काढली, दुसरं काहीच नव्हतं. बँकेत जाऊन निदान २० रुपयांचा सुरक्षा विमा आणि ४३६ चा जीवन ज्योती घ्या, वर्षाचा हप्ता आहे, दोन्हीला २ लाखांचं कव्हर. पण त्यात मृत्यू किंवा अपंगत्वालाच पैसे मिळतात, दवाखान्याच्या बिलाला नाही. त्यासाठी महात्मा फुले योजना, आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ५ लाखांपर्यंत आहे, फक्त यादीतला दवाखाना आणि यादीतला उपचार बघावा लागतो. आणि संस्थेला सांगा सगळ्या फील्ड स्टाफचा ग्रुप अपघात विमा काढा, बजेटमध्ये तो फार लहान आकडा असतो. तुम्ही रोज घाटातून गाडी चालवता बाई.

सीएसआर_मुंबई

मी एका कंपनीच्या सीएसआर टीममध्ये आहे, कंपनीचं नाव देऊ शकत नाही. हिशोब_पुणे यांनी लिहिलेलं बरोबर आहे. आमच्या बाजूनं खरं सांगायचं तर प्रपोजल येतं तेव्हा आमचे वरचे लोक पहिला प्रश्न विचारतात की सॅलरीला किती टक्के. पोषण, आरोग्य, शिक्षण यात काम माणसंच करतात त्यामुळे सॅलरी जास्तच असणार, हे आम्हाला बोर्डासमोर समजावून सांगायला पाहिजे आणि आम्ही सगळे ते करत नाही.

दुसरं, एका वर्षाची मंजुरी ही पण कायद्याची सक्ती नाही. "ऑनगोइंग प्रोजेक्ट" म्हणून सुरू झालेलं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात पुढे नेता येतो. तुमच्या संस्थेनं तसं मागितलं पाहिजे. बजेट साधारण जानेवारी-फेब्रुवारीत ठरतं, तेव्हा फील्ड स्टाफचा पगार, पीएफ, किलोमीटरप्रमाणे प्रवास, डेटा, विमा या वेगवेगळ्या ओळी करून पाठवा. एकत्र "प्रोग्राम कॉस्ट" लिहिलं की निगोशिएशनमध्ये तिथेच कात्री लागते. ओळ वेगळी असली तर कापणाऱ्याला सांगावं लागतं की मी कोणाचं पेट्रोल कापतोय.

अक्राणीची_लेक

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, दोन वेळा वाचून काढलं आणि माझ्या सोबतच्या मुलींना पण पाठवलं. दिनकरकाका तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

आम्ही फील्डला १४ जण आहोत, ऑफिसचे धरून २० च्या वर जातो, म्हणजे पीएफ लागायला हवा असं दिसतंय. किलोमीटरचं रजिस्टर आम्ही सोमवारपासून सुरू करतोय, नऊ जण तयार आहेत, बाकीच्यांना भीती वाटतेय ते पण बरोबरच आहे, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही त्यांच्या. कोऑर्डिनेटर दादांशी आधी बोलू. विश्वस्तांची मीटिंग शहाद्याला होणार आहे, तिथे लेखी द्यायचा विचार आहे. मागचे राहिलेले अर्धे पैसे, पेट्रोल वेगळं, पीएफ, आणि पुढच्या प्रपोजलमध्ये आमच्या ओळी टाकायच्या आधी आम्हाला विचारा, एवढंच. मेसेज आहे माझ्याकडे "काम चालू ठेवा" वाला.

हिशोब ताई, टीडीएसचं राहिलं तुमचं.

हिशोब_पुणे

हो, लिहिते. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० कापले जातात. तुमचं वर्षाचं उत्पन्न १,८०,०००, यावर तुम्हाला कर लागतच नाही, त्यामुळे रिटर्न भरला की पूर्ण रक्कम परत येते. आधी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पॅननं लॉगिन करून २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा) काढा आणि संस्थेनं कापलेले पैसे खरंच तुमच्या नावावर भरलेत का ते बघा, नसतील तर आधी ऑफिसला विचारा. बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करून ठेवा नाहीतर रिफंड अडकतो. मुदत चुकली तर उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. त्याच्याही मागच्या वर्षांसाठी उशीर माफ करण्याचा अर्ज करावा लागतो, तो थोडा वेळखाऊ आहे पण होतो.

प्रोफेशनल फी म्हणून कापलंय त्यामुळे पगारदाराचा साधा फॉर्म चालणार नाही, स्वतः भरू नका. १४ जणांचे पॅन आणि २६एएस एकत्र करून मला मेसेज करा, मी भरून देते. फी नको.

मेळघाटचा_पोरगा

ताई, आमच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकलाय तुम्हाला मेसेजमध्ये, तसेच कॉलम ठेवा. पाड्याचं नाव न सही रोजच्या रोज, मागून भरलेलं कोणी मानत नाही.

अक्राणीची_लेक

मिळाला दादा. हिशोब ताई, पॅन गोळा करायला सुरुवात केली, दोघींचं आधारला लिंक नाहीये, ते धडगावला होईल का नंदुरबारलाच जावं लागेल?

हिशोब_पुणे

कुठेच जायला नको, मोबाईलवरून होतं. उशीर झाल्यामुळे १,००० रुपये भरावे लागतात बहुतेकांना, ते आधी भरून मग लिंकची रिक्वेस्ट टाकायची. मात्र आधार आणि पॅनवर नाव-जन्मतारीख जुळते का ते आधी बघा, आपल्याकडे आडनावाच्या स्पेलिंगवरच गाडी अडते.